सलाईन चालू आहे ना?

कुमुदताई,

तुमच्या शोकसभेत सगळेच तुमच्याबद्दल गोड बोलले आणि मला लगेच संशय आला, यातल्या निम्म्यांनी तुमचा रविवारचा वर्ग केलेलाच नसणार. ज्याने केलाय त्याला तुम्ही एकदा तरी सगळ्यांदेखत खाली मान घालायला लावलीय. तो इतकं गुळगुळीत बोलूच शकत नाही. एक जण तर म्हणाला, ताईंनी मृत्यूला माणुसकीचा स्पर्श दिला. तुम्ही समोर असतात तर तिथल्या तिथे म्हणाला असतात, "स्पर्शाचं राहू द्या डॉक्टर, पेशंटला शौचाला होतंय का ते विचारलंत का?" मला हसू आलं. शेजारी बसलेल्या बाईंनी माझ्याकडे रागाने बघितलं.

मला बोलायला सांगितलं होतं, मी बोललो नाही. मला तुमच्याबद्दल बोलायचं नव्हतं, तुमच्याशी बोलायचं होतं. आपलं भांडण अर्धवट राहिलंय. शोकसभेतून उठलो तो तुमच्या आईंना भेटायला घरी गेलो, आणि तिथे जे ऐकलं त्याने ते भांडण मिटायचं सोडून आणखीच वाढलं. ते शेवटी सांगतो. आधी सुरुवातीपासून, कारण तुम्हाला पेशंटची हकीकत मधूनच सांगितलेली चालत नसे.

खरं सांगतो, मी तुमच्या वर्गाला आलो तो तुम्हाला पकडायला. नगरमधल्या तुम्ही नावाजलेल्या भूलतज्ज्ञ, वकिलांच्या घराण्यातल्या. चांगली चाललेली प्रॅक्टिस बाजूला ठेवून दक्षिणेत कुठेतरी शिकायला जाता, आणि परत येऊन आम्हा तालुक्याच्या डॉक्टरांना काय शिकवता, तर मरायला टेकलेल्या पेशंटची काळजी कशी घ्यायची. पाथर्डीत सर्पदंशाची लस वेळेवर मिळत नाही, बाळंतिणी जीपमध्ये अडतात, आणि या बाई म्हणतात मरणाचा अभ्यास करा. त्यात वर्गाला चहा होता, जेवण होतं. डॉक्टरांना जेवण फुकट असलं की मागे औषध कंपनी असते, एवढं मलाही कळत होतं. मी हॉलभर कंपनीचा बॅनर शोधला. तो सापडला नाही तेव्हा माझा संशय दुप्पट झाला.

पहिल्याच वर्गात तुम्ही मला पेशंट केलंत. कॉटवर आडवं व्हायला लावलंत आणि श्रीगोंद्याच्या डॉक्टरांना म्हणालात, यांना गाठ वाईट आहे, यांना सांगा. ते आले, उभ्याउभ्याच माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "काळजी करू नका काका, सगळं ठीक होईल," आणि वळून निघाले. सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही खुर्ची ओढलीत, माझ्या डोळ्यांच्या खाली तुमचे डोळे येतील अशा बसलात, आणि काही बोललाच नाहीत. ती शांतता मला सोसेना. मी खेळाखेळात विचारलं, "डॉक्टर, मी यातून उठणार ना?"

"तुम्हाला काय वाटतं?" तुम्ही म्हणालात.

मी ताडकन उठून बसलो. "पेशंटलाच विचारायचं असेल तर डॉक्टर कशाला पाहिजे?" पुन्हा सगळे हसले. तुम्ही एवढंच म्हणालात, "आधी खुर्ची ओढायची, मग बसायचं, मग ऐकायचं. तोंड सगळ्यात शेवटी." परतीच्या एसटीत माझ्या डोक्यात तो तुमचा प्रश्न काही केल्या जाईना. मला वाटतं, ही भूल देण्याचीच नवीन पद्धत होती. असं तुम्हाला सांगायचं राहून गेलं. सांगितलं असतं तर चिडला असतात, म्हणून सांगतोय.

मग पारूबाई आल्या. म्हणजे मीच तुम्हाला त्यांच्याकडे घेऊन गेलो, आणि तेही परीक्षा बघायला. वर्गात बोलणं सोपं असतं, आमच्या भागात येऊन दाखवा म्हणालो. तुम्ही पुढच्याच आठवड्यात स्वतःची गाडी घेऊन हजर. पारूबाई पाथर्डीपासून आत एका वाडीवर राहणाऱ्या, जन्मभर ऊसतोडीला जाणाऱ्या, मिश्री लावणाऱ्या. गालातून बाहेर आलेली जखम, वास असा की सून ताट लांबून सरकवायची. मोठ्या दवाखान्याने घरी पाठवलं होतं. मुलगा साहेबराव आईसाठी तोडणी अर्धवट टाकून गावी आला होता. आईला मात्र सगळ्यांनी सांगितलेलं, दाढ किडलीय.

तुम्ही खुर्ची मागितलीत. घरात खुर्ची नव्हती. तुम्ही सरळ जमिनीवर, त्यांच्या गोधडीला टेकून बसलात, आणि मी मनात म्हटलं, हे मला दाखवायला चाललंय. तेव्हा माझं असंच होतं. आमच्या वस्तीतल्या घरात बाहेरची माणसं येऊन मांडी घालून बसली, पाणी प्यायली, की माझ्या आईला भरून यायचं आणि मला शंका यायची. मी बौद्ध घरातला पहिला डॉक्टर. मोठ्या घरची माणसं किती वेळ खाली बसतात आणि फोटो निघाल्यावर किती लवकर उठतात, हे बघतच मोठा झालो. तुमच्याबरोबर फोटोवाला नव्हता. तुम्ही दुपार होईपर्यंत उठला नाहीत. पाय बधीर होऊन तुम्हाला शेवटी साहेबरावाने धरून उभं केलं, तेव्हा कुठे माझा तो एक संशय फिटला.

जुलाबावर आपण जी साधी गोळी देतो तीच तुम्ही कुटून जखमेवर भुरभुरलीत. चार-दोन दिवसांत वास एवढा कमी झाला की सून जवळ बसून वेणी घालायला लागली. मॉर्फिनच्या गोळ्या तुम्ही नगरहून आणायचात, केवढे परवाने आणि केवढे हेलपाटे करून. त्या गोळ्यांवर मात्र माझा डोळा होता. साहेबरावाने मला गोठ्यामागे नेऊन विचारलं होतं, "डॉक्टर, या बाई भूल देनाऱ्या हायेत म्हनं. ह्या गोळ्यानं आय झोपती, ती उठंल ना? का कायमची झोपवायची हाय तिला?" मी त्याला म्हणालो, मी आहे ना. आणि मी खरोखरच पहारा केला, ताई. तुम्ही गेलात की मी रिकामी पाकिटं तपासायचो, पारूबाईंचा श्वास बघायचो. पारूबाई झोपल्या आणि उठल्या. उठून चहात भाकरी कुस्करून मागितली. कित्येक दिवसांत त्या दुखण्यापायी नीट बोलल्या नव्हत्या, त्या सुनेला म्हणाल्या, "आगं, चुलीवर दूध उतू चाललंय, माझ्याकडं काय बघती?" साहेबराव बाहेर जाऊन रडला. मी तुमचे आभार त्या दिवशीच मानायला हवे होते. मानले नाहीत, कारण मला अजून तुमची खात्री नव्हती.

त्याच दुपारी पारूबाईंनी सगळ्यांना बाहेर पाठवून तुम्हाला जवळ बोलावलं. मी दारात होतो, मला ऐकू आलं. "बाई, मला ठावं हाय काय झालंय ते. पर ह्या पोरांना सांगू नगा मला ठावं हाय म्हनून. त्यांना वाटतंय मला कळत न्हाई, तवा त्यांचा जीव जरा हलका हाय." तुम्ही त्यांचा हात धरून "बरं" म्हणालात. पुढच्या वर्गात तुम्ही नाव न घेता ही गोष्ट सांगितलीत आणि म्हणालात, "लपवाछपवी दोन्ही बाजूंनी चालते. एकच बाजू लपवतेय असं दिसलं, तर आपण दुसऱ्या बाजूकडे नीट बघितलेलं नाही." मी ते वाक्य विसरलो नाही. मला ते पुढे तुमच्याच घरी लागणार होतं.

पारूबाई अगदी शेवटाला आल्या तेव्हा पाव्हणेरावळे जमले. अंगणात माणूस मावेना. साहेबराव माझ्याकडे आला. "डॉक्टर, सलाईन लावा की. लोक इचारत्यात, दवाखाना केला का न्हाई. नुसतंच पडू दिलंय म्हनत्यात." तुम्ही शिकवलं होतं, या वेळी सलाईन द्यायचं नाही, शरीराला ते पेलत नाही, छातीत पाणी होतं, घसा घरघरतो. मला ते पटलंही होतं. आणि तरी मी वाशाला सुतळी बांधून बाटली टांगली आणि सुई लावली. तुम्ही त्याच संध्याकाळी न सांगता आलात. बाटली बघितलीत, मला अंगणापलीकडे बाभळीखाली नेलंत आणि विचारलंत, "सलाईन कुणासाठी?"

"बाहेर बसलेल्या माणसांसाठी."

"सुई कुणाच्या हाताला लावलीत?"

तुमचं हे असं. मग मीही सोडलं नाही. माझ्या वडिलांची गोष्ट मी कुणाला सांगत नाही, ती तुम्हाला त्या बाभळीखाली सांगितली. मी शाळेत होतो. वडिलांना बैलगाडीतून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दारातूनच बघितलं, हात लावला नाही, म्हणाले, "आता उपयोग नाही, घरी न्या." आत कॉटवर गावच्या पाटलांची आई होती. तिचाही श्वास तसाच लागलेला, पण तिच्या उशाशी बाटली टांगलेली होती आणि थेंब पडत होते. मी गाडी वळेपर्यंत ते थेंब बघत होतो. वडील घरी येऊन वारले. त्यांना काय झालं होतं, ते मला डॉक्टर होऊनही सांगता येत नाही, कारण कुणी बघितलंच नव्हतं. "आणि ताई," मी म्हणालो, "तुमच्या वर्गात मी काय ऐकतो? की शेवटी सलाईन नको, दवाखाना नको, घरी न्या. हे आमच्या लोकांना आधीपासूनच सांगितलं जातंय. आत्ता कुठे बाटली आमच्या वाशापर्यंत आली, तर तुम्ही काढायला आलात."

तुम्ही म्हणालात, "त्या डॉक्टरने खुर्ची ओढली असती आणि बाटली लावली नसती, तर?"

"तरीही मी बाटलीच मागितली असती."

तुम्ही आत गेलात, बाटलीकडे बघितलंत, नळीवरच्या थेंब कमीजास्त करायच्या चाकाला हात लावलात. थेंब मी इतके कमी ठेवले होते की मोजायला बसलं तर माणूस कंटाळेल. "एवढं हळू ठेवलंय, म्हणजे तुम्हाला माझं पटलंय," म्हणालात. "आणि तुम्ही बंद केलं नाहीत," मी म्हणालो, "म्हणजे तुम्हालाही माझं पटलंय." साहेबराव आमच्याकडे आळीपाळीने बघत होता. त्याला वाटलं आपण उपचाराचं ठरवतोय. दुसऱ्या दिवशी सकाळी पारूबाई शांतपणे गेल्या. साहेबरावाने पाव्हण्यांना सांगितलं, "दोन डाक्टर हुते, सलाईन चालू हुतं." ते वाक्य सांगताना त्याची मान ताठ होती. ती तुम्हीही बघितलीत, आणि गाडीत बसताना म्हणालात, "हे आपलं भांडण अजून संपलेलं नाही."

त्यानंतर तुम्ही मला जवळजवळ प्रत्येक वर्गाला बोलवायचात आणि सलाईनचा विषय आला की सगळ्यांसमोर चिडवायचात, "यावर आमच्या पाथर्डीच्या डॉक्टरांचं वेगळं मत आहे." मत विचारायचात मात्र कधी नाही. मला वाटायचं, वर्गात विरोधी पक्ष दाखवायला मला ठेवलंय. तसंच होतं का? हे विचारायचं राहिलं.

या वर्षी वर्ग दोनदा रद्द झाला. कारण आलं, ताईंना बरं नाही. काय बरं नाही, कुणी सांगेना. फोन केला तर तुमचे भाऊ नाना उचलायचे आणि म्हणायचे, पित्ताचा त्रास आहे. मी डॉक्टर आहे हो ताई, मला पित्ताचा त्रास सांगता? जी बाई आम्हाला वर्षानुवर्षं सांगते की पेशंटशी खोटं बोलू नका, तिच्या घरातून माझ्याशी खोटं बोललं जातंय. मला राग आला, आणि रागापेक्षा जास्त भीती वाटली की तुम्ही स्वतः तेच करताय, जे करू नका म्हणून आम्हाला शिकवलंत. तसं असेल तर मग सगळंच खोटं. पारूबाईंच्या गोधडीपाशी तुम्ही बसलात तेही. हे कळल्याशिवाय मला चैन पडणार नव्हती. दवाखाना बंद ठेवून मी नगरला आलो.

दार नानांनी उघडलं. आतल्या खोलीत तुम्ही होतात, कातडं आणि हाडं. तुम्हाला काय झालंय ते तुमच्या चेहऱ्याच्या पिवळेपणावरून दारातच कळलं. उशाशी तुमच्या आई बसलेल्या, पाठीत वाकलेल्या, मोतीबिंदू झालेल्या, तुमच्या पायावर हात ठेवून. आणि वर, पडद्याच्या दांडीला, सलाईनची बाटली.

खरं सांगू? पहिल्या क्षणी मला आनंद झाला. जिंकलो असं वाटलं. दुसऱ्या क्षणी इतका संताप आला की मी तसाच मागे फिरणार होतो. म्हणजे पारूबाईंच्या वाशाला बाटली नको, वकिलांच्या घरात चालते! आई मान वर करून मोठ्याने म्हणाल्या, "कुमुद, सलाईन चालू आहे ना?" आणि तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "हो आई, चालू आहे."

मी खुर्ची ओढली. सवयीने, तुम्हीच लावलेली. खुर्चीवर बसलं की डोळे आपोआप थेंबाकडे जातात. थेंब पडत नव्हता. मी नळीवरून नजर खाली आणली. नळी चादरीखाली गेली होती. चादर जरा उचलली. नळीला टोकाशी गाठ मारलेली होती आणि ती तुमच्या हातावर चिकटपट्टीने नुसती चिकटवलेली होती. सुई नव्हती.

तुम्ही डोळे उघडलेत. आईंना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणालात, "तुमच्यापेक्षा हळू ठेवलंय."

मला रडू आलं आणि हसूही आलं. दोन्ही एकदम आवरता येत नाहीत, हे तुम्ही कुठल्या वर्गात शिकवलं नव्हतं. नाना मला स्वयंपाकघरात म्हणाले, ते मधूनमधून बाटली काढून थोडं पाणी मोरीत ओततात, म्हणजे आईला बाटली संपत आल्यासारखी दिसावी. आणि पित्ताचं? तुम्हीच सांगायला लावलं होतं. "तो पाथर्डीवाला चिडून येईल, तेव्हाच येऊ दे. सगळं सांगितलं तर रडत येईल," म्हणालात म्हणे. निघताना तुम्ही मला विचारलंत, "वर्ग घ्याल?" मी "बघू" म्हणालो. ते माझं तुमच्याशी शेवटचं बोलणं. एवढी शिकवलेली गोष्ट, शेवटचं वाक्य नीट बोलावं, आणि मी "बघू" म्हणालो.

आता शोकसभेनंतरचं. मी घरी गेलो, आईंच्या खुर्चीशी खाली बसलो. त्यांनी हात चाचपून मला ओळखलं. म्हणाल्या, "पाथर्डीचे डॉक्टर ना? एक विचारू? ती बाटली नुसतीच होती ना?"

मी समोर बसलेल्या नानांकडे बघितलं.

"अहो, ती झोपली की मी नळी चाचपून बघायचे. तिच्या वडिलांना लावलं होतं तेव्हा नळी गार लागायची. हिची कधी गार लागली नाही. मला नीट दिसत नाही, पण हात आहेत की."

"मग आई, तुम्ही सारखं का विचारत होता, चालू आहे ना म्हणून?"

"मी विचारलं की ती हो म्हणायची ना," आई म्हणाल्या. "शेवटी शेवटी तेवढंच बोलायची. दुसऱ्या कशाला उत्तर देत नव्हती. तेवढ्यासाठी विचारायचे."

नाना खोलीतून उठून गेले. मी आईंचा हात धरून बसलो, आणि मला तुमचंच वाक्य आठवलं, लपवाछपवी दोन्ही बाजूंनी चालते. पारूबाईंच्या उशाशी बसून शिकलेलं वाक्य तुम्ही तुमच्याच घरात विसरलात, हे मला पटत नाही. मला तुमच्याबद्दल शेवटची एक शंका आहे, कुमुदताई, आणि ही फिटावी असं मला वाटत नाही. आईंना कळलंय हे तुम्हाला माहीत होतं. त्यांनी विचारत राहावं म्हणूनच तुम्ही ती बाटली काढू दिली नाहीत.

येत्या रविवारी वर्ग आहे. राहात्याचे, श्रीगोंद्याचे, नवे जुने सगळे येतील, आणि कुणीतरी हात वर करून विचारणारच, नातेवाईक सलाईन लावा म्हणाले तर काय करायचं. खुर्च्या मी मांडून ठेवीन. उत्तर मला अजून येत नाही. पण मी त्यांना विचारीन, कुणासाठी? आणि मग तुमच्यासारखा, ते बोलेपर्यंत गप्प बसेन.